दोन आजार आणि एक घर

(१ ऑक्टोबर रोजी ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त आपल्या हॉलमध्ये केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या सांगण्यावरून लिहून दिलं आहे. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी यात घातल्या आहेत.)



सचिवांनी मला ‘ज्येष्ठांचं आरोग्य’ असा विषय दिला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचा माझा अधिकार नाही. मी १९७० साली बँकेत लागलो, २००८ साली निवृत्त झालो. मधल्या ३८ वर्षांत डॉक्टरीशी माझा संबंध आला तो स्टाफची मेडिकल बिलं पास करण्यापुरता. पण गेली सहा वर्षं मी एक नोकरी पूर्णवेळ करतोय. तिच्यात रजा नाही, बदली नाही, आणि तिच्याबद्दल मी चार शब्द सांगू शकतो. आमच्या हिला दोन आजार आहेत. एक किडनीचा, दुसरा विसरण्याचा. तुमच्यापैकी काहींना हे पूर्ण माहीत आहे, काहींना अर्धं, आणि काही जण लिफ्टमध्ये भेटले की विचारू की नको अशा तोंडाने हवापाण्याचं बोलतात. आज एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो.

आपण इथे राहायला आलो २००० साली. तेव्हा सकाळी सातला गेटवर शाळेच्या रिक्षा उभ्या असायच्या. आता त्याच वेळेला रक्त घ्यायला येणाऱ्या लॅबच्या मुलांच्या मोटारसायकली असतात. वॉचमनला त्यांची नावं तोंडपाठ आहेत. तेव्हा मी जे सांगणार आहे ते फक्त आमच्या घरचं नाही, हे तुम्हालाही कळतंय.

ही गणिताची शिक्षिका. बत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. या सोसायटीतली कितीतरी मुलं दहावीच्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून भूमितीची प्रमेयं घासून गेली. त्यातली काही आज इथे स्वतःच्या मुलांना घेऊन बसलेली दिसताहेत. तिला १९९९ पासून मधुमेह, मागोमाग रक्तदाब. दोन्ही तिने शिक्षिकेला शोभेल अशा शिस्तीत सांभाळले. तरी २०१९ च्या तपासणीत क्रिएटिनिन १.६ आलं. दिसायला आकडा लहान. डॉक्टरांनी सांगितलं, हा आकडा एकटा वाचायचा नसतो. वय आणि स्त्री की पुरुष हे धरून त्यातून ई-जीएफआर नावाचा दुसरा आकडा काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला की किडनीचा जुनाट आजार म्हणतात. ३० च्या खाली गेला की चौथा टप्पा, १५ च्या खाली पाचवा, म्हणजे शेवटचा. हिचा तेव्हा ३५ होता. तुमच्या घरात रिपोर्ट असतील तर आज जाऊन हा दुसरा आकडा बघा. बऱ्याच लॅब तो खाली बारीक अक्षरात छापतात आणि आपण वरचा बघून फाइल मिटतो.

२०२२ मध्ये क्रिएटिनिन २.३ झालं, ई-जीएफआर २२. या ऑगस्टमध्ये ४.१ आणि ११.

विसरण्याचं कळलं ते आमटीतून. लॉकडाऊनचे दिवस होते, दोघंच घरात. आमटी खारट. दोन दिवसांनी पुन्हा खारट. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाहिलं, तर तिने मीठ घातलं, फोडणीचं भांडं धुवायला वळली, परत आली आणि पुन्हा मीठ घातलं. मग दुधाच्या हिशेबात घोळ व्हायला लागले. खाडे धरून महिन्याचं बिल तोंडी करणारी बाई कॅलेंडरसमोर नुसती उभी राहायला लागली. मेंदूच्या डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. जिने आयुष्यभर फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढलं तिचं वर्तुळ सुरेख आलं. आकडे मात्र सगळे उजव्या बाजूला दाटीने बसले. तिने कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “हे बरोबर नाही, पण कुठे चुकलं ते मला दिसत नाहीये.” मला वाटतं तिच्या आजाराचं याहून अचूक वर्णन पुढे कुणी केलं नाही.

हे दोन आजार एकाच माणसाला कसे झाले, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, किडनीतल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या अगदी बारीक असतात, आणि साखर नि रक्तदाब वर्षानुवर्षं दोन्हीकडे सारखाच घाव घालतात. म्हणजे मूळ एकच. पण घरात सांभाळताना मात्र हे दोघे एकमेकांचे वैरी आहेत. किडनीचा आजार म्हणतो मोजा. मीठ मोजा, पाणी मोजा, गोळ्या वेळेवर घ्या, हे खाऊ नका, ते लक्षात ठेवा. विसरण्याचा आजार म्हणतो, काहीच लक्षात राहणार नाही. तिला पाणी प्यायल्याचं आठवत नाही म्हणून ती पुन्हा पिते. गोळी घेतल्याचं आठवत नाही म्हणून पुन्हा मागते, नाहीतर घेतली म्हणून भांडते. पहिल्या वर्षी सगळे तिला समजवायचे. मी, मुलगा, तिची बहीण. “अगं, तुला सांगितलंय ना, पाणी कमी प्यायचं.” ती मान डोलवायची. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली, की शिस्त आता तिच्याकडून मागायची नाही. शिस्त घराने पाळायची.

म्हणजे काय केलं? पाण्याचं सांगतो. आधी एक खुलासा. किडनीच्या प्रत्येक पेशंटला पाणी कमी करायचं असं नसतं, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. हिच्या पायांना सूज येते, म्हणून तिला दिवसाला सव्वा लिटर सांगितलंय, त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं आलं. सकाळी मी दोन बाटल्या मिळून सव्वा लिटर भरतो. तिला जे काही पातळ देतो तेवढं पाणी बाटलीतून काढून झाडाला घालतो. दिवसभर बाटलीकडे पाहिलं की शिल्लक कळते. माठ आतल्या खोलीत गेला. मोठे पेले माळ्यावर गेले आणि आजीच्या काळची दोन फुलपात्री खाली आली. तिने पाणी मागितलं की नाही म्हणायचं नाही, फुलपात्र भरून द्यायचं. तिचं समाधान होतं, बाटलीचाही हिशेब लागतो.

गोळ्यांचं काम बँकेच्या पद्धतीने केलं. बँकेत एका सहीवर व्हाउचर पास होत नाही. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. रविवारी रात्री मी आठवड्याचा डबा भरतो आणि सोमवारी सकाळी आमच्या कामाच्या मावशी डॉक्टरांच्या कागदावरून तो तपासतात. मावशी सातवी शिकलेल्या आहेत. त्यांनी आजवर माझ्या दोन एंट्र्या परत पाठवल्यात! डबा कुलपात असतो.

स्वयंपाक मी वयाच्या सत्तरीनंतर शिकलो. बटाटा, टोमॅटो, पालेभाज्या यांत पोटॅशियम जास्त असतं, आणि किडनी ते बाहेर टाकेनाशी झाली की रक्तात साठतं. फार साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावर बेततं. म्हणून भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात दोनेक तास ठेवायची, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा भरपूर पाण्यात उकडून तेही पाणी टाकायचं. चव राहत नाही हे खरं. जिरं, लिंबाची दोन थेंबं, कोथिंबीर यांच्यावर भागवतो. आणि एक गोष्ट घरोघर सांगण्यासारखी आहे. बाजारात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, रक्तदाबवाल्यांसाठी चांगलं म्हणून आपण आणतो. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी अधू असलेल्या माणसाला ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

शहाळ्याचंही तेच. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जायचं म्हणजे एका हातात शहाळी, दुसऱ्या हातात मोसंबी. प्रेमानेच आणतात. या दोन्हींत पोटॅशियम भरलेलं असतं. आमच्याकडे येणाऱ्यांची शहाळी मी घेतो, आभार मानतो आणि वॉचमनकडे पोचवतो. त्यामुळे आपल्या गेटवरच्या दोघांच्या प्रकृती उत्तम आहेत. यापुढे मात्र आणायचंच असेल तर एखादं सफरचंद आणा, नाहीतर गजरा आणा. गजरा तिला अजून फार आवडतो.

गुडघेदुखीवर केमिस्टकडून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या, किडनीला मारक ठरतात. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या उशाशी त्या असणार. आपली किडनी कशी आहे ते माहीत नसताना रोज घेऊ नका, एवढंच म्हणतो.

भेटायला येणाऱ्यांबद्दल आणखी एक. दारात पाऊल ठेवल्याबरोबर प्रत्येक जण तिला विचारतो, “काय वहिनी, ओळखलंत का मला?” तोंडी परीक्षाच! ती आयुष्यभर परीक्षा घेणारी बाई. उत्तर येत नाही हे तिला कळतं आणि ती ओशाळते. मग पुढचा तासभर गप्प. त्यापेक्षा सरळ सांगावं, “मी बी विंगमधला, तुमच्या शेजारचा, तुमच्याकडे भूमिती शिकायला यायचो.” लगेच चेहरा फुलतो. नाव तिला आठवलेलं नसतं, पण आपल्याला कुणी नापास केलं नाही एवढं पुरतं.

संध्याकाळी पाच-साडेपाच झाले की तिला घरी जायचं असतं. “अहो, आई वाट बघत असेल, मी निघते.” तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. हे सांगितलं तर ती बातमी तिच्यासाठी नवी असते आणि ती नव्याने रडते. दररोज एका माणसाला आईच्या मरणाची बातमी कोण देईल? मी म्हणतो, चल, सोडायला येतो. पिशवी घेतो. आम्ही दोघं खाली उतरतो, कंपाउंडला एक चक्कर मारतो, गणपतीच्या मंडपाच्या जागेपाशी जरा बसतो. तोवर दिवे लागतात. मग ती म्हणते, “उशीर झाला, आपण आपल्या घरी जाऊ या.” काही जण आम्हाला पिशवीसकट बघून विचारतात, बाजारातून का? हो म्हणतो.

आता जुलैमधली गोष्ट सांगतो, कारण ती माहीत असेल तर तुमच्यापैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दोन दिवस ती जरा जास्त झोपत होती. तिसऱ्या रात्री एकदम उठून बसली. कपाटावर माणसं बसली आहेत म्हणायला लागली, चादर ओढायला लागली, मला ओळखेना. फोनवर मुलगा म्हणाला, बाबा, आजार पुढे गेला वाटतं. पण आमच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी एक वाक्य सांगून ठेवलं होतं: स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या चालीने जातो, जे तासांत किंवा दोन दिवसांत बिघडतं त्याचं कारण दुसरीकडे शोधा. मी आधी साखर तपासली. किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि पूर्वीचाच डोस जड होऊन साखर खाली जाऊ शकते, भ्रम त्यानेही होतो. साखर ठीक होती. सकाळी डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासायला लावलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. ना ताप, ना जळजळीची तक्रार. म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा असंच होतं. किडनीला झेपेल असं औषध सुरू केल्यावर पाचव्या दिवशी तिने मला विचारलं, “दाढी का नाही केली तुम्ही?” म्हणजे आपलं माणूस पूर्वीच्या जागी परत आलं. सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, सर्दीची साधी झोप आणणारी गोळीसुद्धा असं करू शकते. एकाएकी झालेल्या बदलाला ‘आता वय झालं’ म्हणून घरात बसून राहू नका.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः बोलायला उभा राहिलो, ते.

२०२२ मध्ये चौथा टप्पा लागला तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डायलिसिस करायचं की नाही याचा विचार आत्ता करा. वेळ आल्यावर घाईत करू नका. डायलिसिस म्हणजे साधारण आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, हाताला दोन सुया लावून मशीनला जोडून पडून राहायचं. त्यासाठी हाताच्या रक्तवाहिन्यांवर आधी छोटी शस्त्रक्रिया करून फिस्टुला करावा लागतो, तो तयार व्हायला काही आठवडे ते महिने जातात. यामुळे पुष्कळांना चांगलं आयुष्य मिळतं. आपल्या समोरच्याच इमारतीतले एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा जातात आणि उरलेल्या दिवशी कॅरममध्ये मला हरवतात. पण वय जास्त, त्यात मधुमेह, त्यात स्मृतिभ्रंश असेल तर हिशेब वेगळा होतो, आणि डायलिसिस न करता औषधांवर, त्रास कमी ठेवत घरी राहणं हाही रीतसर उपचाराचा मार्ग आहे, असं त्यांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं. दोन्ही मार्गांत काय मिळतं, काय जातं, तेही सांगितलं.

मी म्हणालो, हे तिलाच विचारू या.

तिची स्मरणाची चाचणी तेव्हा ३० पैकी १९ होती. मुलगा म्हणाला, बाबा, तिला काय कळणार? डॉक्टर म्हणाले, कालचं जेवण आठवत नाही म्हणून आज काय हवं ते कळत नाही असं नाही. त्यांनी तिला सकाळच्या वेळी बोलावलं, कारण तिचं डोकं सकाळी चांगलं चालतं. एका महिन्यात तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शब्दांत तोच प्रश्न विचारला. तिला आधीची भेट दरवेळी आठवत नव्हती. उत्तर मात्र तिन्ही वेळा तेच आलं. ती म्हणाली, “माझ्या दादाने चार वर्षं डायलिसिस केलं. दादा समजूतदार होता, त्याला कशासाठी बसलोय ते ठाऊक होतं. मला ते आठवणार नाही. मी घाबरेन आणि सुई ओढून काढीन. तुम्ही लोक माझे हात धरून ठेवाल. ते मला नको. मला घरी राहू द्या.”

आपल्या पुढच्या अवस्थेचा इतका नीट विचार तिने त्या अवस्थेत जायच्या आधी करून ठेवला होता. कुणी विचारलं नसतं तर तो तिच्याबरोबरच विरून गेला असता.

मुलगा बेंगळुरूहून आला. त्याला हे पटलं नव्हतं, आणि का पटावं? आई आहे त्याची. उपचार उपलब्ध आहे, पैसे आहेत, मग नाही कसं म्हणायचं? मी मध्ये बोललो नाही. तो दोन दिवस तिच्याजवळ बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्याने स्वतः विचारलं. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मी गॅलरीत होतो. आत आलो तेव्हा ती त्याला म्हणत होती, “तू नीट जेवत जा.” आणि तो चहाचे कप विसळत होता. संध्याकाळी मला म्हणाला, “बाबा, लिहून घेऊ या.”

लिहून घेतलं. मराठीत, तिच्या शब्दांत, तिच्या सहीने. डॉक्टरांनी फाइलमध्ये लावलं. त्याच सुमारास, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेलं आणि २०२३ साली सोपं केलेलं जे वैद्यकीय इच्छापत्र आहे, तेही आम्ही दोघांनी करून टाकलं. कृत्रिम उपायांनी नुसतं जगवत ठेवायचं का, याबद्दलचं ते असतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येतं, पण करणाऱ्याची बुद्धी शाबूत असताना. माझंही केलंय. त्या दिवशी नोटरीकडून येताना तिने भेळ खायची म्हटली. ती दिली, थोडी.

डायलिसिस नाही म्हणजे उपचार नाहीत असं कुणी समजू नका. रक्तदाबाची औषधं आहेत, हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शन आहे, आम्लता कमी करायला सोड्याच्या गोळ्या आहेत, खाज, मळमळ, धाप यांवर औषधं आहेत, आणि पुढे लागेल तशी पॅलिएटिव्ह केअर आहे. पुढे काय होणार ते मला माहीत आहे. झोप वाढेल, भूक जाईल. त्यासाठी काय करायचं, रात्री कुणाला फोन करायचा, ते एका कागदावर लिहून फ्रिजला लावलंय.

मला एक प्रश्न नेहमी विचारतात, तुमच्या मनाला हे कसं पेलवतं? खरं सांगायचं तर, निर्णय माझा असता तर पेलवला नसता. तो तिचा आहे. मी त्याचा फक्त अंमलदार आहे, आणि वरिष्ठांच्या लेखी आदेशाची अंमलबजावणी करण्यात माझी हयात गेली आहे.

आता बँकवाला म्हणून थोडं. वेळ कमी आहे, भराभर सांगतो. नवरा-बायकोची सगळी खाती आणि ठेवी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या प्रकारच्या करा. ठेव मुदतीआधी मोडायची तर कुणाच्या सह्या लागतील ते आजच विचारून सूचना देऊन ठेवा. नॉमिनी तपासा, पंचवीस वर्षांपूर्वी लावलेला नॉमिनी कधीकधी वर गेलेला असतो. मुखत्यारपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, डोकं चालेनासं झालं की त्यासाठीच तर ते केलंय. उलट आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की साधं मुखत्यारपत्र संपतं. मग फक्त तिच्या नावावर असलेल्या पैशासाठी कोर्टात जाऊन पालकत्व मागायची वेळ येते. जो माणूस आजारी आहे पण शुद्धीत आहे, सही करू शकत नाही, त्याचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन बँक पैसे देते, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार माणूस लागतो. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ ची सूचना आहे. शाखेत कुणी कानावर हात ठेवले तर तिचा उल्लेख करा. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. आणि जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांसाठी, आयकराच्या वजावटीत किडनी निकामी होणं आणि ठराविक प्रमाणापुढचा स्मृतिभ्रंश, दोन्ही आजार बसतात; ज्येष्ठांसाठी मर्यादा १ लाख रुपये, तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं, विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते.

हे सगळं तिची सही चालत होती तेव्हा झालं, म्हणून आज मला बँकेत खेटे नाहीत.

माझं फार कौतुक होतं, तेही थांबवा. मागच्या महिन्यात महिला मंडळाने मला श्रीफळ दिलं. आपल्याच सोसायटीत तीन सुना आणि एक लेक हेच काम करताहेत, नोकरी सांभाळून. त्यांना कुणी श्रीफळ दिल्याचं मी ऐकलं नाही. पुरुषाने वरण लावलं की बातमी होते! मला माझं पेन्शन आहे, १८ हजार देऊन दिवसा मावशी ठेवता येतात. हे ज्यांना परवडत नाही त्यांचं काम माझ्या दुप्पट आहे. राग मलाही येतो. आला की मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतो. आमच्या कुंड्या जरा जास्तच ओल्या असतात त्याचं कारण हे.

सोसायटीकडे मागणं तीन आहे. कमिटीने ऐकून घेतलं आहे, ठराव पुढच्या सभेत येईल. बी विंगची लिफ्ट स्ट्रेचर बसेल एवढी नाही. ती बदलायची वेळ आलीच आहे, तर नवीन घेताना दाराचं माप आधी बघा, आरसा नि रंग नंतर. दुसरं, गेटवर एक वही ठेवू या. घर विसरून बाहेर पडू शकतात अशा ज्येष्ठांचे फोटो आणि घरच्यांचे नंबर तिच्यात असतील. कुणाच्या घरचं गुपित फोडायला नाही. आपले वॉचमन बदलतात, नव्या माणसाला ओळख हवी. गेल्या वर्षी ही एकदा गेटपर्यंत पोचली होती, तेव्हाच्या वॉचमनने “बाई, सर बोलावतायत, पेपर तपासायचेत” असं सांगून तिला खुर्चीवर बसवलं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तिसरं, तासाभराचा शेजार. मला बँकेत, दाढी करायला किंवा नुसतं एक तास झोपायला वेळ हवा असतो. तसा तो त्या तिघी सुनांना आणि त्या लेकीलाही हवा असेल. ज्यांना आठवड्यातून एक तास कुणाच्या घरी बसता येईल त्यांनी नाव द्यावं. औषधपाणी काही करायचं नाही, नुसतं बसायचं, गाणी लावायची. आमच्याकडे येणाऱ्याने पाढे म्हणायला सुरुवात करावी. एकोणतीसपर्यंत ती न अडखळता म्हणते आणि तुम्ही चुकलात तर थांबवते. कागद सचिवांच्या टेबलावर ठेवला आहे, पेनही आहे.